शनिवारी प्रेशर पडतं

२२ एप्रिल, रविवार

अंगणात सभा झाली. आमची पाच मजली इमारत शहराच्या लाइनीतून बाहेर पडणार. नळाचं गरम पाणीही शहराकडून नको आणि हिवाळ्यातलं हीटिंगही. ठराव माझा, भाषण माझं, टाळ्या मलाच. टाळ्या थोड्या होत्या, पण अंगण झाडायला घातलेल्या हातमोज्यांमुळे आवाज कमी येतो.

भाषणाचा सारांश: दर मे महिन्यात दुरुस्तीच्या नावाखाली शहर आपलं गरम पाणी तोडतं. आपण कुरकुर करतो आणि न्हात नाही. बिश्केकवर ऊन किती पडतं, हे मी भूगोलाच्या तासाला आयुष्यभर शिकवलं. कुणी लक्ष दिलं नाही. आता छतावर पॅनेल बसतील. ऊन खाली येईल, नळातून येईल, रेडिएटरमधून येईल. मग लक्ष द्यावंच लागेल.

तळमजल्यावरच्या झिनाइदा पेत्रोव्नांनी विचारलं, आणि ढग आले तर? मी म्हणालो, ढग हा तात्पुरता विषय आहे. त्या म्हणाल्या, तुर्दाकून अब्दिएविच, माझ्या वयात मीही तात्पुरताच विषय आहे, मला अंघोळीचं सांगा. लोक हसले. मीही हसलो. नेत्याला हसता आलं पाहिजे.

इमारतीचा प्रमुख म्हणून माझी बिनविरोध निवड. दुसरं कुणी उभं नव्हतं. उभं राहायची छाती नव्हती, असंही म्हणता येईल.

माझ्या बायकोने, गुलबाराने, हात वर केला नाही. विचारलं तर म्हणाली, हातात पिशवी होती.

५ मे, शनिवार

पॅनेलवाला आला. एर्नाझ. माझा जुना विद्यार्थी. नकाशावर वाळवंट दाखव म्हटलं की समुद्रावर बोट ठेवायचा. आता ऊन विकतो. मी मनात काही ठेवलेलं नाही.

तो म्हणाला, अगाय, जोडीला एक इलेक्ट्रिक बॉयलर ठेवा, ढगाळ दिवसांसाठी. मला अजून शाळेतल्यासारखं अगाय, म्हणजे गुरुजी, म्हणतो, हे चांगलं आहे. मी म्हणालो, सूर्याला मदतनीस लागत नाही. तो म्हणाला, तुम्ही मला नापास केलंत तेव्हाही असेच ठाम होतात.

कौतुक करायची ही त्याची पद्धत.

१४ मे, सोमवार

शहराने सगळ्या भागाचं गरम पाणी बंद केलं. आमचं कायमचं. लाइनीचा माणूस येऊन पाइप कापून गेला, वर शिशाचं सील ठोकलं. मी शेजारी उभा राहून फोटो काढून घेतला.

त्याने विचारलं, नक्की ना? परत जोडायला आलात तर हिवाळ्यात रांग असते. मला त्याची दया आली. एका मरत्या धंद्यात अडकलेला माणूस.

चौथ्या मजल्यावरचा टॅक्सीवाला ओरोझबेक म्हणाला, मास्तर, पॅनेल येईपर्यंत अंघोळ कुठे करायची? मी म्हणालो, क्रांतीच्या काळात लोक अंघोळ करत नाहीत. तो म्हणाला, टॅक्सीत गिऱ्हाइकं बसतात, त्यांना सांगतो.

२ जून, शनिवार

क्रेन आली. पॅनेल वर गेली. तोंड दक्षिणेला, डोंगरांकडे. खालून पाहिलं तर इमारतीला चष्मा लावल्यासारखं वाटतं. एकदम विद्वान दिसायला लागली.

ओरोझबेकची टीव्हीची तबकडी जरा सरकवावी लागली. आता त्याला फक्त कझाक बातम्या दिसतात. त्याला म्हणालो, शेजाऱ्यांची माहिती असावी.

९ जून, शनिवार

पाणी आलं. गरम. फुकट. आकाशातून.

आख्खी इमारत एकाच वेळी अंघोळीला गेली. जिन्यात उभं राहिलं की प्रत्येक दारामागून पाण्याचा आवाज. डोंगरातल्या ओढ्यांसारखा. मी वर-खाली, वर-खाली फिरून ऐकत होतो. ओरोझबेक टॉवेल गुंडाळून दार उघडून म्हणाला, मास्तर, आत या, तुमच्या पाया पडतो. म्हटलं, आधी कपडे घाल.

गुलबारा न्हाऊन आली, केस पुसत बाल्कनीत बसली. म्हणाली, म्हातारबा, एकदा तरी तू बोललास ते झालं.

हे वाक्य शाईने लिहिलंय.

१५ जुलै, रविवार

उकाडा भयंकर. पॅनेल जोरात. नळाचं पाणी इतकं गरम की हात धरवत नाही. थंड पाण्याचा पाइप शेजारूनच जातो, त्यामुळे तेही गरम. तक्रारी येतायत. यशाच्या तक्रारी, म्हणजे तक्रारीच नव्हेत.

ओरोझबेक म्हणतो, तोंड धुतलं की गाल सुजतात, आता नळाखालीच चहा करतो. झिनाइदा पेत्रोव्नांनी बादलीत अंडी ठेवून ती उकडून दाखवली, बाकावर सगळ्यांसमोर. मी दोन खाल्ली. पिवळं अगदी मऊ होतं.

संकल्प: जास्तीची उष्णता डब्यात भरून हिवाळ्यासाठी ठेवायची काही सोय आहे का, बघणे.

१२ ऑगस्ट, रविवार

तलावावर. सगळी इमारत तलावावर, ऑगस्टची सुट्टी आहे. मी पाण्यात पोहत होतो तेव्हा झिनाइदा पेत्रोव्नांचा फोन आला. त्या कुठे जात नाहीत. म्हणाल्या, तुमचा सूर्य शिट्टी वाजवतोय.

झालं असं की पाणी वापरायला घरी कुणी नाही, आणि ऊन काही सुट्टीवर जात नाही. पॅनेल उकळली, व्हॉल्व्ह उडाला, छतावर वाफेचा ढग. कुणीतरी अग्निशमन बोलावलं. अग्निशमनवाल्यांनी फोनवर विचारलं, हे कुणाचं? मी नाव सांगितलं. स्पष्ट, आडनावासकट.

त्यांनी सांगितलं, पॅनेल झाका. आत्ता, काहीही मिळेल त्याने. आमच्या घराची किल्ली झिनाइदा पेत्रोव्नांकडे होती. आत त्यांना लोकरीचे गालिचे मिळाले. त्यातला एक गुलबाराच्या आईने दोन हिवाळे बसून शिवलेला. तो आता छतावर, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी वर करून, आकाशाला दाखवतोय.

गुलबारा किनाऱ्यावर दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. ऊन लागत असेल.

१ ऑक्टोबर, सोमवार

आजचा दिवस मोठा. रेडिएटरचे व्हॉल्व्ह उघडले. छतावरचं द्रव आता थेट घराघरात फिरणार. ते साधं पाणी नाही, थंडीत गोठू नये म्हणून त्यात औषध आहे, रंग फिका हिरवा. विषारी नाही. एर्नाझने बोट बुडवून चाटून दाखवलं आणि मग बराच वेळ थुंकत राहिला.

तो म्हणाला, अगाय, एकच गोष्ट. हे द्रव आतच फिरलं पाहिजे. एक बादली जरी कुणी काढली, तर प्रेशर पडलं, आणि प्रेशर पडलं की सगळं थंड. नळाचं पाणीसुद्धा. मी सगळ्यांना बाकाभोवती बोलावून हे समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या. शिस्तीची इमारत आहे.

शहराचं हीटिंग अजून सुरूच झालेलं नाही. शेजारच्या इमारतींमधले लोक घरात कोट घालून बसलेत. आमच्याकडे ओरोझबेक बनियनवर बाल्कनीत उभा राहून त्यांना हात करतो. गुलबाराने कणकेचे बोरसोक तळले, जिनाभर वाटले. लोकांनी माझ्या तब्येतीसाठी चहा प्यायला.

इतकं बरं वाटतंय की झोप येत नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार

रेडिएटर सुरू झाले म्हणजे माझा शनिवारचा नेमही सुरू झाला. गाडी धुतली. स्वयंपाकघरातल्या रेडिएटरला मागून एक छोटा नळ आहे, सासऱ्यांनी बसवलेला. चार बादल्या गरम पाणी. थंडीत गाडीलाही माणसासारखं वागवावं.

संध्याकाळी रेडिएटर गुरगुरले आणि थंड पडले. नळही थंड. प्रेशर शून्यावर. एर्नाझला झापलं. तो म्हणतो, कुठेतरी गळतंय. मी म्हणालो, गळत असेल तर तुझ्या पॅनेलमध्ये.

७ ऑक्टोबर, रविवार

छान ऊन. अंगणातल्या दोऱ्यांवर धुणं. एक गोष्ट लक्षात आली. झिनाइदा पेत्रोव्नांचे पडदे फिके हिरवे. दुसऱ्या मजल्यावरच्या चादरी फिक्या हिरव्या. ओरोझबेकचे बनियन फिके हिरवे. यंदा हा रंग चालत असावा. बायकांमध्ये अशा गोष्टी फार लवकर पसरतात.

माझ्या पांढऱ्या गाडीवरही हिरवट झाक. पानं पडतात वरून.

१३ ऑक्टोबर, शनिवार

एर्नाझने बुधवारी द्रव भरून दिलं. तीन दिवस सगळं सुंदर. आज पुन्हा प्रेशर गेलं. शनिवारीच का? एक विचार असा की शनिवारी कारखाने बंद, हवेचा दाब बदलतो. यावर कुणी संशोधन केलेलं दिसत नाही.

मी पहारा ठेवला. सकाळपासून तळघरात खुर्ची टाकून काट्याकडे पाहत बसलो. काटा स्थिर. दुपारी फक्त गाडी धुवायला वर गेलो. परत येऊन पाहतो तर काटा पडलेला.

गळती हुशार आहे. मी उठायची वाट पाहते.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

घरात थंडी. नळाला बर्फासारखं पाणी. गुलबारा सकाळी कोट घालून चहा करत होती. मी म्हणालो, शनिवारपर्यंत सगळं सुरळीत होईल. ती म्हणाली, शनिवारचं नाव काढू नकोस.

मग म्हणाली, मला केस धुवायचेत. मी असिलकानकडे जाते. असिलकान म्हणजे तिची थोरली बहीण, सातव्या वसाहतीत राहते, तिथे शहराची लाइन आहे. मी विचारलं, कधी येशील? म्हणाली, आपल्या नळाला गरम पाणी आलं की. शॅम्पू घेतला, उशी घेतली. केस धुवायला उशी कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी चहा केला. सवयीने दोन पेल्यांत ओतला.

२० ऑक्टोबर, शनिवार

सकाळी एर्नाझने पुन्हा द्रव भरून दिलं. मग मी घराघरात तपासणी केली. प्रमुखाचा अधिकार.

प्रत्येक घरी आधी चहा, पाव, जर्दाळूचा मुरंबा. मग रेडिएटर. आणि प्रत्येक रेडिएटरच्या मागे, पलंगाआड, पडद्याआड, एका घरी तर पणजोबांच्या फोटोआड, एक छोटा नळ. सगळी इमारत वर्षानुवर्षं शनिवारी रेडिएटरमधून गरम पाणी काढते. धुणं, फरशी, पोरांचे पाय. शहराची लाइन होती तेव्हा त्यात इतकं पाणी होतं की कुणाला कळायचंच नाही.

झिनाइदा पेत्रोव्ना म्हणाल्या, ही चोरी नाही हो, ही सवय आहे. सोव्हिएत गेलं, सवय राहिली. ओरोझबेक म्हणाला, मास्तर, माझ्या एका बादलीने काय होणार? सगळ्यांचं हेच उत्तर. एका बादलीने काय होणार.

पाच वाजता सगळ्यांना बाकाजवळ जमवलं. मनातलं बोललो. म्हणालो, सूर्य आपल्याला देतो आणि आपण त्याच्याच खिशात हात घालतो. दोघातिघांनी खाली पाहिलं. ओरोझबेक म्हणाला, मास्तर, चुकलो. मला वाटतं, आजपासून इमारत बदलली.

उशीर झाला होता तरी नेम मोडायचा नाही म्हणून मग गाडी धुतली. झिनाइदा पेत्रोव्नांनी खिडकीतून विचारलं, बादलीतून वाफ येतेय का? मी सांगितलं, हा तपासणीचा नळ आहे. त्या म्हणाल्या, हिरवी आहे तुमची तपासणी. फरक समजावून सांगत होतो, तेवढ्यात त्यांनी खिडकी लावून घेतली.

थोड्या वेळाने एकेका मजल्यावरून बादल्यांचा आवाज आला.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

सूर्य दिसत नाही. सगळं शहर कोळसा जाळतंय, वर काजळीचं झाकण. पॅनेलवर काळा थर. फडकं घेऊन छतावर गेलो, पुसलं. खाली येईपर्यंत पुन्हा काळं.

एर्नाझ म्हणतो, सगळे नळ काढा, बॉयलर बसवा, मग भरून देतो. नळ काढायला कुणी तयार नाही. म्हणतात, आधी मास्तरांचा काढा. बॉयलरला मी तयार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

कोट, टोपी आणि दोन गालिचे घेऊन झोपतो. प्रकृतीला चांगलं असतं.

२८ ऑक्टोबर, रविवार

गुलबाराला आणायला असिलकानकडे गेलो. त्यांच्याकडे इतकं गरम की खिडक्या उघड्या. गुलबाराच्या केसांना चमक आली होती. खोलीभर शॅम्पूचा वास. 

ती म्हणाली, आलं पाणी? मी म्हणालो, जवळजवळ. ती म्हणाली, जवळजवळच्या पाण्याने मला न्हाता येत नाही. पण माझ्या ताटात मटण भरून वाफवलेली मांती वाढताना वरची दोन मोठी निवडून वाढली. हे मी पाहिलं.

असिलकानचा नवरा दौरोनबेक तक्रार करत होता, शहर फार तापवतं, कुणाला विचारत नाही. मी सहज सूर्याचा विषय काढला. हा माणूस इतका समजूतदार असेल असं मला वाटलं नव्हतं. ऐकत राहिला. मग त्याने शेजाऱ्यांना बोलावलं, तेही ऐकत राहिले. मी उभा राहून बोललो. इतकं चांगलं मी आयुष्यात बोललो नसेन. आमच्याकडच्या किरकोळ अडचणी सांगून त्यांना कंटाळा आणला नाही.

गुलबारा किटली घेऊन दारात उभी होती. म्हणाली, जेझ्दे, याचं ऐकू नका. बहिणीच्या नवऱ्याचा ती मान ठेवते, त्यामुळे आवाज चढवला नाही. दौरोनबेक म्हणाला, थांब गं, भूगोल चाललाय.

एकटाच परत आलो. पण मन उंच होतं.

३ नोव्हेंबर, शनिवार

अंगणात सभा. बर्फ पडत होता. विषय एक, शहराच्या लाइनीला परत जोडणं. विषय दोन, नवा प्रमुख.

ओरोझबेक म्हणाला, मास्तर, तुम्ही माणूस चांगले, पण माझी मुलं टोप्या घालून गृहपाठ करतात. मी बोलायला उठलो. झिनाइदा पेत्रोव्ना म्हणाल्या, बसा, तुर्दाकून अब्दिएविच, थंडी आहे, लांबवू नका.

विरोधात माझा हात एकटाच होता. त्यामुळे उठून दिसला.

घर दोघांच्या नावावर असल्याने गुलबाराही आली होती. तिने जोडण्याच्या बाजूने हात वर केला. या वेळी पिशवी नव्हती. सभा संपल्यावर मी म्हणालो, चहा घेऊन जा. तिने वर आमच्या खिडकीकडे पाहिलं, म्हणाली, वर काय, इथल्यापेक्षा थंड असेल. आणि बसने गेली.

नव्या प्रमुख झिनाइदा पेत्रोव्ना. लाइनवाल्यांनी सांगितलं, रांग आहे.

११ नोव्हेंबर, रविवार

दौरोनबेकचा फोन. त्यांच्या इमारतीने ठराव करून शहराची लाइन कापली. परवाच. मी विचारलं, पॅनेल बसली? तो म्हणाला, एर्नाझ म्हणतो वसंतात येतील, पण लोकांचा उत्साह होता, म्हणून कापून टाकलं.

मी अभिनंदन केलं. मागून असिलकानचा आवाज येत होता, शब्द कळले नाहीत.

म्हणजे चळवळ पसरतेय. आजचा दिवस मी निराश माणसासारखा घालवणार होतो. तो बेत रद्द केला. छतावर जाऊन पॅनेल पुसून आलो. परत जोडणीसाठी पाइप सोडवलेत, त्यामुळे ती कशाशीही जोडलेली नाहीत, पण स्वच्छ दिसली.

१७ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी लाइनवाले आले, सील तोडलं, आम्हाला जोडलं. दुपारपर्यंत रेडिएटर तापले. तोच माणूस होता. या वेळी त्याने माझा फोटो काढून घेतला.

तीन वाजता बेल. दारात गुलबारा. उशी, शॅम्पू, सगळं घेऊन. मी बाजूला झालो. ती म्हणाली, आलं का पाणी? मी म्हणालो, आलं. या वेळी मला जवळजवळ म्हणावं लागलं नाही.

तिच्यामागून असिलकान आत आली, पलंगपोस घेऊन. तिच्यामागून दौरोनबेक, दोन गाद्या घेऊन. त्यांच्या घरी भिंतीला दव धरलंय. असिलकान म्हणाली, मास्तर, वसंतापर्यंत आम्ही इथेच. दौरोनबेक माझ्याकडे पाहत नव्हता. मी त्याला म्हणालो, पहिला हिवाळा जरा अवघड जातो. तो म्हणाला, आता बोलू नका.

न्हायचा क्रम ठरला. पाहुणे आधी, मग गुलबारा, मग मी. मी पोचलो तेव्हा न्हाणीघरातली फरशी ओली, आरसा वाफेने पांढरा, कोपऱ्यात तिचा कंगवा. बराच वेळ गरम पाण्याखाली उभा राहिलो. पाणी उत्तम होतं. हे मान्य करायला मला अडचण नाही.

झोपायचंही ठरलं. दौरोनबेक बैठकीत. बहिणी आतल्या खोलीत, कारण त्यांना बोलायचंय. माझी गादी स्वयंपाकघरात, रेडिएटरपाशी. संकल्प: हा नळ उद्या काढून टाकणे. किंवा पुढच्या शनिवारनंतर.

जेवणं झाली. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येतोय. गुलबारा इतकी बऱ्याच दिवसांत हसली नव्हती. ती परत आली, ठरल्याप्रमाणे, आपल्या नळाला पाणी आल्यावर. मी दिलेला शब्द, एका अर्थी, पुरा झाला.

त्या कशावर हसतायत, तेही भिंतीतून ऐकू आलं. ते इथे लिहीत नाही.